क्लेमंट हा शब्द कसा वापरायचा आणि कुठे अजिबात वापरायचा नाही

एकदा एका सहकाऱ्याने मला त्याच्या सगळ्या नोट्स दिल्या, न मागता, स्वतःहून. मी नुकताच एक भारी इंग्लिश शब्द वाचला होता आणि तो कुठेतरी खपवायचाच होता, मग काय, टाकला मेसेज, "यू आर सो क्लेमंट!" डिक्शनरीत अर्थ दिला होता दयाळू, सौम्य, आता फुकट नोट्स देणारा माणूस दयाळूच की. त्याचा रिप्लाय आला, "का रे बाबा, मी तुला कुठल्या गुन्ह्याची माफी दिली?" दोन मिनिटं मला कळेचना हा काय बोलतोय. मग नीट शोधाशोध केली आणि लक्षात आलं की अर्थ पाठ करून हा शब्द येत नाही, तो कोणी कोणाबद्दल वापरायचा ते कळावं लागतं. तेच इथे सांगतोय, म्हणजे तुमचा पोपट होणार नाही.

आधी उच्चार, कारण पहिली गोची तिथेच आहे. स्पेलिंग सी एल ई एम ई एन टी. लेमन म्हणा, आता त्याच्या आधी एक क चिकटवा आणि शेवटी ट, क-लेमन-ट, झालं. जोर पहिल्या भागावर आणि शेवटचा मंट अगदी हलका, गिळल्यासारखा. आता गंमत बघा, इन्शुरन्सचा क्लेम करणारा जो माणूस असतो तोही मराठीत लिहिला की क्लेमंटच दिसतो! पण तो शब्द पूर्ण वेगळा, त्याचं स्पेलिंग क्लेमपासून निघतं, सी एल ए आय एम, आणि तिथे क्ले लांब ओढायचा, क्लेऽमंट. आपल्याकडे दोघांना एकच मात्रा असल्यामुळे ऐकताना घोळ होतो, म्हणून बोलताना लेमनवाला आखूड क्ले लक्षात ठेवा. याचा उलटा शब्द इनक्लेमंट, त्यात इन नुसतं पुढे लागतं, जोर क्लेवरच राहतो. काही अमेरिकन लोक इनवर जोर देतात, ऐकलंत तर दचकू नका, पण तुम्ही क्लेवरच द्या.

आता अर्थ. डिक्शनरी उघडली की दोन अर्थ दिसतात आणि दोघांचा एकमेकांशी काय संबंध असा प्रश्न पडतो. एक, हवामान सौम्य, म्हणजे फार थंडी नाही, वादळ नाही, झोडपणारा पाऊस नाही. दुसरा, माणूस दयाळू, म्हणजे शिक्षा देताना हात राखून देणारा. हवा आणि न्यायाधीश एकाच शब्दात कसे बसले?

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. आपल्याकडे अस्मानी-सुलतानी असा जोडशब्द शेकडो वर्षं चालू आहे. संकट दोनच ठिकाणांहून येतं, एक वरून आभाळातून आणि दुसरं गादीवर बसलेल्याकडून, आणि दोन्हीपुढे आपलं काही चालत नाही. क्लेमंट म्हणजे ही दोन्ही संकटं टळणं, बास. अस्मानाने छळलं नाही तर वेदर क्लेमंट, सुलतानाने छळलं नाही तर सुलतान क्लेमंट. मला तर हा शब्द समजावून सांगायला यापेक्षा सोपी चावी सापडली नाही, इंग्लिश डिक्शनरीला जे दोन वेगळ्या नंबरांत लिहावं लागतं ते आपण एका जोडशब्दात बोलतो. आणि आपणही कृपा हा शब्द दोन्हीकडे वापरतोच की, पावसाची कृपा झाली म्हणतो आणि साहेबांची कृपा झाली असंही म्हणतो.

यातून एक टेस्ट निघते, ती मी दर वेळी लावतो. ज्याला क्लेमंट म्हणायचंय त्याने मनात आणलं असतं तर तो माझं नुकसान करू शकला असता का? शकला असता आणि केलं नाही, तर क्लेमंट. शकलाच नसता, तर दुसरा शब्द शोधा. माझा नोट्सवाला सहकारी यात नापास होतो, कारण त्याने नोट्स दिल्या नसत्या तरी माझ्यावर कुठलं आभाळ कोसळणार होतं? त्याला काइंड म्हणायचं, जनरस म्हणायचं. आजी नातवाला लाडाने कुरवाळते ती जेंटल, क्लेमंट नाही. पण समजा परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोराला सुपरवायझरने रिपोर्ट न करता नुसती तंबी देऊन बसवलं, तर तो सुपरवायझर क्लेमंट, कारण पोराचं अख्खं वर्ष त्याच्या हातात होतं.

हा जो सत्तेचा वास या शब्दाला येतो ना, तो थेट रोमन लोकांकडून आलाय. मूळ लॅटिन शब्द क्लेमेन्स, म्हणजे शांत, मऊ, दयाळू, आणि त्याचं नाम क्लेमेंशिया. रोममध्ये ही नुसती चांगली सवय नव्हती, राजकारणातलं हत्यार होतं. ज्युलियस सीझरने यादवी युद्ध जिंकत असताना हरलेल्या विरोधकांची कत्तल करायच्या ऐवजी पुष्कळ जणांना माफ करून टाकलं, आणि त्या क्षमेची इतकी हवा झाली की इ.स.पू. 44 मध्ये सिनेटने सीझरच्या क्लेमेंशियाच्या नावाने देऊळ बांधायचा ठराव केला. त्याच वर्षी त्याला सिनेटच्या सभेत भोसकून मारलं, आणि मारणाऱ्यांमध्ये ब्रूटस आणि कॅसियस होते, ज्यांना त्याने आधी माफ केलेलं होतं! आता माफ केलेला माणूस सुरा का काढतो? यात बरंच राजकारण आहे, पण एक धागा या शब्दापाशी येतो. माफी घेतली म्हणजे समोरच्याला माफी द्यायचा हक्क आहे हे कबूल केलं. कॅटो नावाचा सीझरचा कट्टर विरोधक होता, त्याला नेमकं हेच नको होतं. इ.स.पू. 46 मध्ये आफ्रिकेत युटिका इथे हार समोर दिसायला लागल्यावर सीझरकडून जीवदान घेण्यापेक्षा त्याने स्वतःचा जीव दिला. म्हणजे क्लेमंट म्हणणं हे कौतुक आहेच, पण त्या कौतुकात तू वर मी खाली हेही आपोआप मान्य होतं. म्हणून बरोबरीच्या मित्राला हा शब्द लावला की तो जरा विचित्र वाटतो, माझा सहकारी उगाच नाही हसला.

पुढे सेनेका नावाच्या तत्त्वज्ञाने याच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि तो कोणासाठी, तर नीरोसाठी. हो, क्रूरपणासाठी बदनाम झालेला तोच रोमन सम्राट नीरो. इ.स. 55-56 च्या सुमाराची गोष्ट, नीरो तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा नवाकोरा सम्राट होता आणि सेनेका त्याचा शिक्षक. त्यात त्याने जी व्याख्या केली ती आजही या शब्दाला फिट बसते, थोडक्यात अशी की सूड घ्यायची ताकद हातात असताना मनाला आवरणं म्हणजे क्लेमेंशिया. आणि नुसती कीव येणं ही वेगळी गोष्ट, तिला तो क्लेमेंशिया मानत नाही, कीव म्हणजे मन ढिलं पडणं आणि क्लेमेंशिया म्हणजे विचार करून हात आवरणं. विद्यार्थ्याने धडा किती घेतला ते पुढे दिसलंच, इ.स. 65 मध्ये नीरोने याच मास्तरांना स्वतःचा जीव घ्यायचा हुकूम पाठवला.

बरं, इतिहास पुरे, आता वापर.

रोजच्या इंग्लिशमध्ये खरं सांगायचं तर क्लेमंट फारसा ऐकू येत नाही, तो पुस्तकी आहे. कोणी चहा पिताना "व्हॉट क्लेमंट वेदर!" असं म्हणालं तर तो एकतर गंमत करतोय नाहीतर भाव खातोय. याचा उलटा शब्द मात्र, इनक्लेमंट, भरपूर चालतो आणि नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज हं, त्याच्या शेजारी वेदरच असतं. "ड्यू टू इनक्लेमंट वेदर" हा तर तयार साचा आहे, फ्लाइट लेट, मॅच रद्द, शाळा बंद, कुठलीही नोटीस काढा. त्यात एक सोय अशी की बर्फ होता की वादळ की मुसळधार, काही सांगावं लागत नाही, हवा खराब होती एवढं कळतं आणि विषय संपतो. ऑफिसच्या मेलमध्ये "बॅड वेदर" लिहिलं तरी चालतं, पण "इनक्लेमंट वेदर" लिहिलं की मेल जरा कडक इस्त्रीचा वाटतो. असे नकारात्मक जास्त चालणारे आणि मूळ शब्द मागे पडलेले जोड इंग्लिशमध्ये बरेच आहेत, अनवील्डी सगळे म्हणतात, वील्डी कोणी म्हणत नाही.

हवामानाबद्दल वापरताना एक बारीक गोष्ट. हा शब्द थंड मुलुखात वाढलेला आहे, त्यामुळे त्याच्या मनातली वाईट हवा म्हणजे गारठा, वारा, पाऊस, बर्फ. कडक उन्हाळ्याला सहसा इनक्लेमंट म्हणत नाहीत, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही इनक्लेमंटचा अर्थ नकोशी थंड किंवा ओली हवा असाच येतो. घामाने निथळताना "इनक्लेमंट हीट" लिहिलंत तर चूक म्हणून कोणी पोलिसात देणार नाही, पण वाचणारा अडखळेल, तिथे ऑप्रेसिव्ह, स्कॉर्चिंग असे शब्द जास्त शोभतात. आणि क्लेमंट कुठे बसतो, तर जिथे वाईट हवेची भीती होती आणि ती आली नाही तिथे. "द विंटर वॉज अनएक्स्पेक्टेडली क्लेमंट" हे वाक्य कसं मस्त वाटतं, कारण हिवाळ्याकडून मार खायची तयारी होती आणि हिवाळ्याने सोडून दिलं. परत तीच टेस्ट, बघा.

इथे एक चूक हमखास होते, आणि ती मूळ इंग्लिश बोलणारेही करतात. इनक्लेमंटच्या जागी "इनक्लायमेट वेदर" असं म्हणतात आणि लिहितातही. शेजारी वेदर आहे म्हटल्यावर डोक्यात क्लायमेट येणारच, लॉजिक चुकीचं नाही, पण असा शब्द नाहीये. क्लायमेट हा ग्रीक क्लिमावरून आलाय, म्हणजे उतार, पृथ्वीचा उतार सूर्याकडे कसा कललाय त्यावरून वेगवेगळे पट्टे मानायचे त्यातून तो हवामानाकडे गेला. स्पेल-चेकवर विसंबू नका, तो काही वेळा भलताच शब्द सुचवतो.

आता शेजारपाजारचे शब्द, कारण खरी गडबड अर्थ माहीत नसल्यामुळे होत नाही, जवळचे पाच शब्द माहीत असल्यामुळे होते.

माइल्ड हा सगळ्यांत मोकळा शब्द, हवा माइल्ड, ताप माइल्ड, साबण माइल्ड, स्वभाव माइल्ड, कुठेही घाला. क्लेमंट यातल्या फक्त हवेला आणि माणसाला चालतो. "क्लेमंट फीवर" म्हटलंत तर डॉक्टर तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघेल. टेम्परेट हा भूगोलाचा, समशीतोष्ण कटिबंध म्हणतो ना तो टेम्परेट झोन, म्हणजे कायमस्वरूपी मध्यम. क्लेमंट आजच्या दिवसाबद्दल किंवा या वर्षीच्या हिवाळ्याबद्दलही बोलू शकतो.

माणसाच्या बाजूने खरी स्पर्धा लीनियंटशी आहे. लीनियंट म्हणजे कडक नाही तो, लॅटिनमध्ये लेनिस म्हणजे मऊ त्यावरून आलेला. पेपर तपासताना अर्धा मार्क इकडेतिकडे करून पास करणारे सर लीनियंट, ऑफिसला रोज वीस मिनिटं उशिरा आलेलं चालवून घेणारा बॉस लीनियंट. पण लीनियंटमध्ये तक्रारही लपलेली असू शकते, "यू आर टू लीनियंट" म्हणजे तू फार ढील देतोस, पोरं डोक्यावर बसलीत. क्लेमंटमध्ये ही तक्रार येत नाही, क्लेमंट माणूस ढिला नसतो, त्याने नियम बघितला, गुन्हा बघितला आणि मग ठरवून हात आखडला. आणखी एक फरक, लीनियंट हा शब्द शिक्षेलाही आरामात लागतो, "अ लीनियंट सेंटेन्स", क्लेमंट मात्र शक्यतो शिक्षा देणाऱ्याला लावतात, शिक्षेला कमी.

मर्सीफुल हा सगळ्यांत जवळचा. मोठा फरक सुराचा आहे. मर्सीफुलमध्ये काळीज हललेलं असतं, देवाला तर बहुतेक वेळा मर्सीफुलच म्हणतात. क्लेमंट जरा दरबारी, थंड डोक्याचा शब्द. आणि मर्सीफुली हे क्रियाविशेषण "नशिबाने सुटलो बाबा" या अर्थाने सर्रास चालतं, "मर्सीफुली, द स्पीच वॉज शॉर्ट". क्लेमंटचं क्लेमंटली होतं खरं, पण मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, तुम्हीही त्याच्या वाटेला जाऊ नका.

व्याकरणात फार काही नाही. नामाच्या आधी येतो, "अ क्लेमंट जज", नंतरही येतो, "द जज वॉज क्लेमंट". कोणाशी दयेने वागला हे सांगायचं तर पुढे टू किंवा टुवर्ड्स, "क्लेमंट टुवर्ड्स द प्रिझनर्स". तुलना करताना मोअर क्लेमंट, मोस्ट क्लेमंट, क्लेमंटर वगैरे नाही.

विशेषण एवढं चालत नसलं तरी त्याचं नाम, क्लेमन्सी, बातम्यांमध्ये रोज भेटतं. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाने दयेचा अर्ज केला की भारतातल्या इंग्लिश पेपरांत मर्सी पिटिशन असं छापून येतं, अमेरिकेत मात्र तिथे क्लेमन्सी म्हणतात. तिकडे क्लेमन्सी ही मोठी छत्री आहे आणि तिच्याखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात, पार्डन म्हणजे गुन्ह्याला माफी, कम्युटेशन म्हणजे गुन्हा कायम पण शिक्षा कमी, रिप्रीव्ह म्हणजे शिक्षा तूर्त पुढे ढकलली. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनी क्लेमन्सी दिली एवढंच वाचून माणूस निर्दोष सुटला असं धरून चालू नका, पुढची ओळ वाचा. यासोबत येणारी क्रियापदं पण पाठ करून ठेवा, क्लेमन्सी मागतात तेव्हा सीक किंवा प्लीड फॉर, देतात तेव्हा ग्रँट, नाकारतात तेव्हा डिनाय. गिव्ह क्लेमन्सी ऐकायला कच्चं वाटतं.

हा शब्द शिवी म्हणूनही वापरला गेलाय, हे मला वाचल्यावर फार इंटरेस्टिंग वाटलं होतं. 1857 च्या उठावात लॉर्ड कॅनिंग गव्हर्नर जनरल होता, आणि त्याने त्या वर्षी जुलैच्या शेवटी हुकूम काढला की पकडलेल्या शिपायांना सरसकट फासावर लटकवू नका, कोणी खून केलेत आणि कोणी नाही ते बघून ठरवा. इंग्रज लोक तेव्हा सूडाने पेटलेले, त्यांनी त्याचं नाव ठेवलं क्लेमन्सी कॅनिंग, म्हणजे आपण दयेचा सागर वगैरे कुत्सितपणे म्हणतो ना तसं. नंतरच्या काळात तेच टोपणनाव त्याच्या कौतुकाचं झालं, शब्द तोच, फक्त म्हणणाऱ्यांचा राग उतरला होता.

विशेषनाम म्हणूनही तो भेटतो तेव्हा गोंधळू नका. क्लेमंट नावाचे चौदा पोप होऊन गेले, त्यातल्या सातव्या क्लेमंटने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला लग्न रद्द करून द्यायला काही मंजुरी दिली नाही, नावाप्रमाणे वागायला हवं होतं असं हेन्रीला नक्की वाटलं असणार. भारताला स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली. मार्क ट्वेनचं खरं आडनाव क्लेमेन्स. आणि क्लेमेंटाइन नावाचं जे छोटं संत्रं असतं ते चवीला सौम्य म्हणून तसं नाव पडलं नाही, अल्जीरियातल्या क्लेमाँ नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यावरून पडलं.

आता स्वतःला तपासा, मी पण असंच करून शिकलो. खाली वाक्यं देतो, क्लेमंट बसतो का ते आधी मनात ठरवा.

शेजाऱ्याने तुमच्या झाडांना आठवडाभर पाणी घातलं. नाही, काइंड. पाणी घातलं नसतं तर त्याने तुम्हाला शिक्षा केली असं कोणी म्हणणार नाही.

ट्रेकच्या तिन्ही दिवशी वादळाचा अंदाज होता आणि पानही हललं नाही. बसतो, "द वेदर रिमेन्ड क्लेमंट", एकदम फिट.

लायब्ररीचं पुस्तक तुम्ही तीन महिने उशिरा दिलं आणि काउंटरवरच्या बाईंनी दंड घेतला नाही. इथे लीनियंट जास्त बरा. क्लेमंट म्हटलंत तर त्या बाई सिंहासनावर बसल्यासारख्या वाटतील, पण गंमत म्हणून म्हणणार असाल तर बिनधास्त म्हणा, पुस्तकी शब्द छोट्या गोष्टीला लावला की हसू येतं आणि इंग्लिश लेखक हे मुद्दाम करतात.

बंड करणाऱ्या सरदाराला राजाने जीवदान दिलं. बसतो, हा शब्द जन्मालाच यासाठी आलाय.

पावसामुळे मीटिंग रद्द, क्लायंटला मेल टाकायचाय. इनक्लेमंट, आणि पाठवायच्या आधी स्पेलिंगमध्ये क्लायमेट शिरला नाही ना ते एकदा बघा.

आणि माझा तो सहकारी? त्यानंतर एकदा मी त्याच्या चार्जरवर पाणी सांडलं, चार्जर गेला, आणि तो काही बोलला नाही, पैसेही घेतले नाहीत. मी परत मेसेज टाकला, "नाऊ यू आर क्लेमंट." रिप्लाय आला, "आता बरोबर."